भाता युनूसचा, पट्ट्या गिरधरच्या

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, सुरांची पेटी. शहाणी माणसे मला हार्मोनियम म्हणतात. पण ज्यांनी मला जीव लावला ते पेटीच म्हणत, म्हणून मीही तेच नाव लावते.

माझा जन्म पालिताण्याचा. वालजी मिस्त्री नावाच्या कारागिराने मला घडवले. अंग सागवानाचे, भात्याला कोकराचे मऊ चामडे. पितळेचा एकेक सूर तो ओठांशी धरून फुंकायचा, कानाला पटला नाही तर पुन्हा कानस घेऊन बसायचा. मी पुरी झाले तेव्हा त्याने मला वाजवून पाहिले आणि बायकोला म्हणाला, "पोर गंभीर निघाली गं. वरातीत नाही रमायची ही."

तिथून मी मुंबईला आले, गिरगावातल्या एका दुकानात बसले आणि तिथून गिरधरच्या हाती पडले. गिरधर नाथद्वाऱ्याचा. वडील हवेलीत, म्हणजे तिथल्या देवळात, कीर्तन गात. तो मात्र घर सोडून एका नाटक कंपनीत पायपेटी वाजवत हिंडला होता. पायपेटीला वारा पायांनी मिळतो, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. त्यामुळे माझ्यासमोर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचे दोन्ही हात सवयीने पट्ट्यांवर धावले. भाता कोण ओढणार? मी गप्प!

समोर ढोलक घेऊन बसलेला एक उंच, शिडशिडीत माणूस खो खो हसला. तो रामपूरचा युनूस. दोघेही एकाच वाद्यवृंदात नुकतेच लागले होते.

"पंडितजी, तिला दम तरी द्या! नुसत्या गुदगुल्या किती कराल?"

"मग तू दे ना दम, मियाँ. ढोलक बडवून हात मोकळेच दिसतायत."

युनूसने ढोलक बाजूला सारले, माझ्या पाठीमागे मांडी घातली आणि उजव्या हाताने भाता धरला. मित्रांनो, त्या दुपारी मला दोन धनी मिळाले. एकाने श्वास द्यायचा, दुसऱ्याने शब्द उमटवावा तसा सूर उमटवायचा. युनूस ढोलकवाला, त्याच्या हाताला लय होती. तो भातासुद्धा ठेक्यात ओढायचा. गिरधरची बोटे त्या ठेक्यावर पाऊल टाकत चालायची.

पुढे दोघांना जोडीने संगीत देण्याचे काम मिळाले. ताडदेवला एक खोली घेतली, पांढरी गादी घातली आणि एक नियम केला. चाल बसवताना युनूसला ती खोटी वाटली, तर त्याने भाता थांबवायचा. भाता थांबला की माझा सूर खाली बसतो, विझतो. चाल तिथेच संपली. का, कशासाठी, असे गिरधरने विचारायचे नाही. तो चिडायचा, उठून खिडकीत जायचा, पान लावायचा, परत येऊन बसायचा. पण विचारायचा नाही.

कधी युनूस गुणगुणायचा आणि गिरधर ते माझ्यावर उतरवायचा. कवीचे शब्द आलेले नसत, म्हणून युनूस भाजीबाजाराचे बोल घालायचा. "मेथी घे गं, मेथी घे, जुडीत माती नाही गं!" असल्या बोलांवर बसवलेल्या चालीवर पुढे नायिका डोळ्यांतून पाणी काढायची, तेव्हा मला हसू आवरत नसे. कोणती चाल कोणाची, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. एका मासिकवाल्याने फारच खोदले तेव्हा युनूस म्हणाला, "बाळ कोणाचं ते कशाला विचारता? गोड आहे ना, पापा घ्या आणि जा."

पहिला चित्रपट जहाजाच्या कप्तानाचा होता. तो आठवडाभरात बुडाला, त्यातले नावाड्याचे गाणेही बुडाले. दुसरा कसाबसा तरला. तिसऱ्यापासून मात्र दिवस पालटले. पानाच्या ठेल्यावर, लग्नाच्या बँडमध्ये, पोरींच्या दोरीच्या उड्यांत आमच्या चाली वाजू लागल्या. पंचवीस आठवडे चाललेल्या चित्रपटाच्या समारंभात मलाही झेंडूचा हार घातला. पोस्टरवर दोन नावे जोडून, मध्ये एक छोटी रेघ: गिरधर–युनूस. त्या रेघेला गिरधर म्हणायचा, "ही आपली पेटी आडवी पडलीय." मी लाजून चूर व्हायचे.

अकरा वर्षे अशी गेली. मग एका सकाळी रेकॉर्डिंगच्या आधी युनूसच्या हातातून चहाचा पेला सुटला. त्याने वाकून उचलायला हात पुढे केला, तो पुढे गेलाच नाही. उजवे अंग गेले. जिभेवरचे शब्दही गेले.

तेव्हा हाती टेकचंद सेठ या निर्मात्याचा मोठा चित्रपट होता. चार गाणी व्हायची होती. सेठ माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. तो ताडदेवला आला, गादीच्या काठावर बसला.

"गिरधरभाई, या पिक्चरला पोस्टरवर एकच नाव लावू. आजारी माणसाचं नाव पाहिलं की वितरक हात आखडतात."

"सेठ, चाली दोघांच्या आहेत."

"झालेल्या असतील. पण पुढच्या चार तर तुम्हालाच करायच्यात ना? मियाँजी करणार आहेत का?"

गिरधर म्हणाला, "करणार आहेत."

पंधरा दिवस तो खोलीत एकटा बसला. भाता ओढायला माणसे आली, चांगली होती. पण ती ओढतच राहायची! गिरधर भलतेसलते वाजवू लागला तरी मान डोलवायची, "वाह उस्ताद!" म्हणायची. गिरधर माझ्यावर हात टेकून बसायचा. मग एका सकाळी त्याने मला चादरीत गुंडाळले, टॅक्सीत घातले आणि माहीमला युनूसच्या घरी आणले.

युनूसची बायको रुकैया दारात उभी राहिली. "गिरधरभाई, डॉक्टर म्हणालेत, त्यांना त्रास देऊ नका."

"भाभी, त्रास मला होतोय. त्याला नुसतं बसायचंय."

तिने पलंगावर युनूसच्या पाठीला उशा लावल्या. गिरधरने मला फिरवून ठेवले आणि युनूसचा डावा हात भात्यावर ठेवला.  त्या हाताला ही विद्या येत नव्हती. भाता एकदा धाडकन मिटला, एकदा अर्ध्यातच अडकला. मी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागले. युनूसच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने हात काढून घेतला. गिरधरने तो उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"मियाँ, मी पहिल्या दिवशी नुसत्या गुदगुल्याच करत होतो. आठवतंय ना? ओढ."

रोज सकाळी हेच. रुकैया चहा आणायची, चहा गार व्हायचा. दहाव्या दिवशी हातात जरा जोर आला, आणि त्याच दिवशी गिरधरच्या बोटांतून एक चाल उतरली. संथ, आर्त, नदीसारखी. त्याचा चेहरा उजळला. त्याने लगोलग सेठला बोलावून घेतले. सेठने ऐकले आणि मांडीवर थाप मारली.

"सापडलं! हेच गाणं! पिक्चर यावर चालणार!"

"पुन्हा एकदा ऐका," गिरधर म्हणाला. दुसऱ्या ओळीशी पोचलो, आणि भाता थांबला.

माझा सूर खाली बसला.  अकरा वर्षांत पहिल्यांदा गिरधरने नियम मोडला.

"का? अरे, पंचवीस दिवसांत ही एकच चाल सुचलीय मला! का थांबलास?"

युनूसचे ओठ हलले, शब्द निघेना. सेठ हळूच म्हणाला, "आजारी माणूस आहे. हात दमला असेल."

युनूसने मान जोरजोरात हलवली. त्याने पुन्हा भाता धरला आणि झपाझप ओढू लागला. वल्हे मारावे तसा, एक–दोन, एक–दोन. डोळ्यांनी गिरधरला सांगितले, वाजव. गिरधरने तीच चाल त्या वेगात वाजवली. चार पावले गेला आणि त्याची बोटे पट्ट्यांवरच गोठली.

ते नावाड्याचे गाणे होते, बुडालेल्या चित्रपटातले. युनूसने बसवलेले. मेथीच्या जुडीचे बोल त्यालाच होते. चाली कोणाच्या याचा हिशेबच नव्हता ना! मित्राची जुनी चाल, वेग कमी झालेली, गिरधरच्या मनातून आपलीच नवी म्हणून वर आली होती.

सेठला सारे सांगितले तेव्हा तो हसला. "एवढंच? ते गाणं ऐकलं कोणी? आठ दिवसांत उतरलेला पिक्चर! कोणाला कळणार आहे?"

"याला कळलं," गिरधर म्हणाला. "आता मलाही कळलं."

"हट्ट सोडा. गुरुवारी गायिकेची तारीख आहे. तोवर दुसरी चाल नसेल तर मी दुसरा संगीतकार बघेन."

"गुरुवारी या," गिरधर म्हणाला. "इथेच या. आणि दोन्ही नावांसाठी या."

मध्ये तीन दिवस होते. मित्रांनो, तसे तीन दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. गिरधर वाजवायचा, युनूस थांबवायचा. एक चाल गेली, दुसरी गेली, सातवी गेली. गिरधर खिडकीत गेला नाही, पान लावले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मनात चाल ठरवून वाजवणे सोडले आणि युनूसच्या हाताकडे पाहत राहिला. त्या दुबळ्या डाव्या हाताची एक तऱ्हा झाली होती. तो तीनदा ओढायचा आणि चौथ्याला क्षणभर अडखळायचा. गिरधरने अडखळीच्या जागी सूर घातलाच नाही. तिथे थांबला, भात्याची वाट पाहिली, श्वास आला की पुढे गेला. चाल लंगडत निघाली आणि लंगडता लंगडता नाचू लागली. मुखडा झाला, अंतरा झाला. भाता चालूच होता. रुकैया चहाची किटली हातात धरून दारात उभी राहिली, तिलाही पुढे यायचे सुचेना.

गुरुवारी सेठने ऐकले. हाताने ताल धरायला गेला, चुकला, पुन्हा धरला. "ही मध्ये थांबायची गंमत कोणाची?"

"बाळ कोणाचं ते विचारू नका," गिरधर म्हणाला.

युनूस तोंडाच्या एका बाजूने हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा.

उरलेली तीन गाणीही तशीच झाली, आणि पोस्टरवर दोन्ही नावे लागली, मधल्या रेघेसकट. पुढे त्या दोघांनी माहीमच्या त्याच पलंगाशी नऊ चित्रपट केले. मग काळ फिरला. विजेवरची वाद्ये आली, सेठ गेले, गिरधर गेला, दोन वर्षांनी युनूसही गेला. मी रुकैयाच्या कपाटावर चढले. भात्याचे चामडे उंदरांनी कुरतडले, माझे दोन सूर मुके झाले. कोणीतरी माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे रचली.

रेडिओवर मात्र आमची गाणी लागत. एकदा निवेदक म्हणाला, "संगीत, गिरधर यांचं." नाव मोठे पडत असेल, त्याने अर्धे घेतले. म्हातारी रुकैया उठली, चष्मा लावला आणि एक पोस्टकार्ड लिहिले: "संगीत गिरधर–युनूस यांचे आहे. कृपया पूर्ण सांगावे." पुढच्या वेळी तीच चूक. पुन्हा पोस्टकार्ड. सून म्हणाली, "अम्मी, कोण वाचतंय तिकडे?" रुकैया म्हणाली, "वाचतील. मला कुठे घाई आहे?"

एकेचाळिसाव्या पोस्टकार्डानंतर एका दुपारी निवेदकाने दोन्ही नावे घेतली. रुकैयाने सुनेला माझ्यावरची वर्तमानपत्रे काढायला लावली आणि पदराने मला पुसले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला उन्हापावसापासून जपा, उंदरांपासून जपा. भाता फाटला तर चामडे मिळते, सूर बिघडला तर तो घासून नीट करणारे हात अजून आहेत. मला टाकू नका, मी आणखी पुष्कळ वाजेन. आणि गाणे आवडले तर ते घडवणाऱ्या सगळ्यांची नावे घ्या, अर्ध्यावर थांबू नका. परवाच रेडिओवर एका नव्या पोरीने पुन्हा एकच नाव घेतले. रुकैयाने सुनेला पोस्टकार्डांचा नवा गठ्ठा आणायला धाडले आहे.