कमी वासाचा मास्क

परक्या माणसाच्या काखेशी नाक नेलेले असतानाच बाईंना डुलकी लागली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या नोकरीचे काही खरे उरले नाही.

साबणाच्या कारखान्यात वास तपासण्याच्या खोलीत त्या कामाला होत्या. नव्या साबणाने सकाळी अंघोळ केलेली माणसे दिवस मावळताना हात वर करून बाकावर बसत. बाई एकेकाच्या काखेजवळ वाकत आणि घामाचा वास कितपत उरला आहे, त्याप्रमाणे गुण देत. एक काख झाली की त्या स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेत. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, म्हणून तो शून्य धरायचा, आणि त्याने नाक कोरे करून पुढच्या काखेकडे वळायचे, अशी या कामाची रीत. किळस त्यांनी कधीच बाजूला ठेवली होती. घाम, पाय, केस, सगळ्यांना गुण असतात, आणि ज्याला गुण देता येतात त्याची ओकारी येत नाही, असे त्या नव्या मुलींना शिकवत.

त्या संध्याकाळी मात्र बाकावरच्या माणसाने हळूच खांदा हलवला आणि म्हणाला, "बाई, उशी हवी का?" सगळी खोली हसली. विभागप्रमुख हसले नाहीत. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन, तुमच्यासारखे नाक मला दुसरे मिळणार नाही, पण झोपेचा बंदोबस्त झाला नाही तर लेबले चिकटवण्याच्या विभागात पाठवावे लागेल, असे स्पष्टच सांगितले.

डॉक्टरांनी स्लीप ॲप्निया असल्याचे सांगितले. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो, म्हणून रात्र संपते पण झोप होत नाही. त्यावर उपाय म्हणजे नळीतून हवा सोडणारे मशीन. तोंड-नाक झाकणाऱ्या मोठ्या मास्कमध्ये बाईंचा जीव गुदमरला. तेव्हा नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ सिलिकॉनच्या उशा टेकवणारा छोटा मास्क घ्यावा, असे ठरले.

मशीनच्या दुकानातल्या तंत्रज्ञाने नाकपुड्या मोजायची भोकांची पट्टी नाकाखाली धरली आणि मध्यम माप सांगितले. बाईंचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. त्या खणातल्या एकेका मास्कचा वास घेत होत्या. एकाला टायरचा, दुसऱ्याला ओल्या फडक्याचा. दाखवण्यासाठी ठेवलेल्या एकाच्या आत कोणाचा तरी आखूड, जाड केस चिकटलेला होता. फुगलेल्या जळवांसारख्या त्या दोन उशा आधी कुणाकुणाच्या नाकात जाऊन आल्या असतील, या विचाराने त्यांच्या घशाशी आले. शेवटी त्यांनी सर्वांत लहान मापाचा नवा मास्क उचलला. सिलिकॉन कमी, म्हणून वास कमी. हा तुम्हाला टोचेल आणि हवाही निसटेल, असे तंत्रज्ञ म्हणाला. नाकाचे मला सांगू नका, असे बाई म्हणाल्या.

तो टोचलाच. नाकपुड्यांच्या कडा सोलवटल्या, त्यावर पिवळट खपल्या धरल्या. मशीनच्या दमट हवेचे नळीत साचलेले पाणी गुळगुळ करून ओठांवर ओघळे. पण याहून वाईट होता तो वास. सकाळी मास्क काढला की फुलदाणीत विसरलेल्या फुलांच्या देठांचे बुळबुळीत पाणी हुंगल्यासारखे वाटे. बाईंनी मास्क परत नेला, दुसरा आणला, त्यालाही तोच वास. तंत्रज्ञाला काहीच वास येत नव्हता. तो बिनकामाचा आहे, असे त्यांनी मनाशी ठरवले. मग त्या मास्क रोज उकळू लागल्या. उशांच्या कडा ताठ झाल्या आणि हवा शिट्टी वाजवत निसटू लागली.

"धुतेयस की शिजवतेयस?" यजमानांनी शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारले. ते शिंपी होते, आणि घरातच त्यांचे काम चाले.

बाई चिडल्या, पण भांडे उतरवताना त्यांना एक गोष्ट खटकली. कारखान्यात एकाच माणसाच्या अंगावर तपासून त्यांनी कुठल्याही साबणाला दोष दिला नसता. मग मास्कलाच का? त्यांनी त्याच कंपनीचा कोरा मास्क आणला आणि सुट्टीच्या दुपारी यजमानांना तो लावून झोपायला सांगितले.

"मला का? मी काय गुन्हा केलाय?" अशी कुरकुर करत ते आडवे झाले, आणि थोड्याच वेळात गाढ झोपले.

ते उठल्यावर बाईंनी मास्क नाकाशी नेला. कोमट रबर, जरासा खडूचा वास, जुने सुती कापड. कुजके काही नाही. मग त्यांनी आपले मनगट चाटले, लाळ सुकू दिली आणि हुंगले.

फुलदाणीचे पाणी.

त्या न्हाणीघरात जाऊन बेसिनला धरून उभ्या राहिल्या. दात घासले, जीभ खरवडली, पुन्हा मनगट चाटले, पुन्हा तेच. बाहेर आल्यावर त्यांनी यजमानांना विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

यजमान सुईत दोरा ओवत होते. तो ओवून झाल्यावर म्हणाले, "हो. तोंड उघडं टाकून झोपायला लागलीस, तेव्हापासून येतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"वासाचं मी तुला काय सांगणार?"

बाईंना त्यांचा राग आला, पण तो टिकला नाही. बाकावरच्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर येऊ लागले. हात वर करून बसलेली ती सगळी माणसे बाई जवळ आल्या की मान वळवून छताकडे पाहत. ती माणसे लाजतात, असेच आजवर बाईंना वाटत आले होते. कितीतरी लोकांच्या तोंडावर आपण हा घाण श्वास सोडला, आणि वर त्यांच्याच घामाला गुण दिले, या विचाराने त्यांना शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून पट्टीवरच्या मापाचा मास्क आणि हनुवटी वर धरणारा पट्टा आणला. निवडताना नाक लावले नाही. पट्टा सैल होता, तो यजमानांनी दोन टाके घालून बसता केला. अंथरुणावर मशीन सुरू झाले आणि मिटलेल्या तोंडातला तो कुबट वास आतून नाकात चढला. बाईंचा हात पट्ट्याकडे गेला, तिथेच थांबला. लेबले चिकटवायची नव्हती. नव्या मापाच्या उशा कुठेच टोचत नव्हत्या, हवाही निसटत नव्हती. कंटाळून का होईना, त्या झोपल्या.

पुढच्या चाचणीच्या संध्याकाळी विभागप्रमुख दाराशी उभे राहून बघत होते. बाईंचे डोळे जड नव्हते. पहिल्या बाकावर एक तरुणी हात वर करून बसली होती. बाई तिच्यापाशी गेल्या, वाकण्याआधी त्यांनी श्वास भिंतीकडे तोंड करून सोडला, आणि तिला सांगितले, "तोंड फिरवलंस तरी चालेल."

तिने लगेच फिरवले.