लेकीच्या गावची वेळ

मी एका घड्याळजीच्या दुकानातले भिंतीवरचे घड्याळ आहे. माझ्या शेजारचे घड्याळ या डोंगरगावची वेळ दाखवते. मी दूरच्या दुसऱ्या डोंगरगावची, पाच तास मागची. धन्याची एकुलती एक लेक तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली, त्या दिवशी त्याने मला स्वतःच्या हाताने लावले.

आमच्या गावात "निघालोच" म्हणजे अंघोळ अजून व्हायची आहे. शेवटचा प्रवासी चढण चढून येईपर्यंत बस थांबते, आणि थांबल्याबद्दल कोणी आभारही मानत नाही. तिच्या गावात, ती पत्रात लिहिते, बस ठरल्या मिनिटाला सुटते. धावत येणारा म्हातारा चालकाला आरशात दिसला तरीही. मात्र वाट चुकलेल्याला तिथली माणसे मुकाट्याने दारापर्यंत पोचवून परततात. "बाबा, तुमचा जन्म इथे व्हायचा होता," असेही तिने लिहिले होते. धनी सुखावला. गाव त्याला टोमण्याने मिनिटराव म्हणते. त्याला ते भूषणच वाटते.

दर रविवारी तिकडच्या नऊ वाजता तिला रुग्णालयातला फोन अर्धा तास मिळे. तेव्हा इथे दुपारचे दोन वाजलेले असत. फोन दुकानात, घर चाळीस पायऱ्या वर. धनी आजारी पत्नीला हाताला धरून खाली आणी, माझ्याखालच्या खुर्चीत बसवी. डॉक्टरांनी आशा सोडली होती. लेकीचा आवाज कानी पडला की आठवडा निघतो, असे ती म्हणे.

तिच्या तिथल्या पहिल्याच वसंतात लेकीचे पत्र आले. तिथे उन्हाळ्यासाठी सगळे गाव घड्याळे एक तास पुढे करते. "येत्या रविवारी माझ्या गावचे घड्याळही पुढे करा, विसरू नका."

धनी हसला. चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. "सगळं गाव मिळून खोटं बोललं म्हणून सूर्य तासभर आधी उगवतो का?" त्याने पत्नीला विचारले.

"सूर्याचं राहू द्या. पोर कधी बोलणार, तेवढं बघा."

"माझी मुलगी आहे ती. खरे नऊ कधी वाजतात, ते तिला कळतं."

रविवारी एक वाजता बंद दुकानात फोन वाजू लागला. माझ्यात आठ वाजले होते. अर्धा तास तो वाजत, थांबत, पुन्हा वाजत राहिला. मला टोले दिले आहेत, हाक दिलेली नाही.

दोन वाजता दोघे खाली आली. साडेतीनपर्यंत पत्नी फोनकडे पाहत बसली. कामात अडकली असेल हो, अशी तीच त्याची समजूत काढत होती. पुढचा रविवार पाहायला ती उरली नाही.

काळ देवाचा आहे. माणसाने फक्त काटे घडवले, आणि काट्यांचाच गर्व धरला.

आईचे निधन त्याने लेकीला पत्राने कळवले. मला पुढे न केल्याचे कळवले नाही. त्या दिवशी फोन का उचलला नाही, असे ती विचारील, म्हणून त्याने तेव्हापासून तो उचललेलाच नाही. मलाही हात लावलेला नाही. हिवाळ्यात तिथली घड्याळे मागे येतात, तेव्हा मी आपसूक खरे ठरते. उन्हाळ्यात पुन्हा खोटे.

आज रविवार. माझ्यात आठ वाजून गेले आहेत आणि फोन वाजतो आहे. धनी पत्नीच्या खुर्चीत बसला आहे, हात मांडीवर. "अजून नऊ कुठे वाजलेत," तो पुटपुटतो.

परमेश्वरा, माझे काटे मोड, पण त्याचा हात उचल. तिच्या अर्ध्या तासातली अकरा मिनिटे उरली आहेत.