ओगलेबाईंचा अभ्यासविषय

कमळाबाई ओगले डॉक्टरेट करणार आहेत, ही बातमी बळीराम घरतांना शिपायाकडून कळली, आणि तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

साल एकोणीसशे एकसष्ट. पनवेलच्या त्या हायस्कुलात मुख्याध्यापक होऊन घरतांना दुसरं वर्ष लागलं होतं. मिठागरात राबणाऱ्या घरातला माणूस त्या खुर्चीत बसलेला संस्थेतल्या काहींना रुचला नव्हता, हे ते जाणून होते. कमळाबाई त्यांच्याच शाळेत इतिहास शिकवायच्या, आणि बाईंचे दीर संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते.

बाई परवानगी मागायला आल्या तेव्हा घरतांनी विचारलं, "विषय काय म्हणालात?"

"मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, हाच. त्यासाठी शिक्षकांशी बोलायचंय, सर. नोकरी सांभाळूनच करणार."

"मुख्याध्यापक म्हणजे मी."

"तुम्ही, आणि इतर शाळांचेही. सुरुवात आपल्यापासून करावी म्हटलं."

नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून ते हो म्हणाले. पण त्यानंतर त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बाई आणि गणिताचे जगन पाटील बोलताना दिसले. घरत दाराशी पोचले आणि पाटील एकदम गप्प झाले. पुढे एकदा शिपाई बुधाजी बाईंसमोर बाकावर बसलेला दिसला. एरवी तो शाळेत कुणासमोर बसत नसे.

"काय इचारत होती बाई?" घरतांच्या तोंडी गावची बोली आली.

"तुमी कवा रागावता, कवा ऐकून घेता, असाच कायतरी."

"मग तू काय सांगितलंस?"

"चांगलाच सांगितला, सर," बुधाजी खाली बघत म्हणाला.

त्याचं ते खाली बघणं घरतांना झोंबलं. बाई वर्गावर असताना ते शिक्षकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "ओगलेबाईंच्या प्रश्नांना इथे कुणी उत्तरं द्यायची नाहीत."

दोन-चार दिवसांनी बाई त्यांच्या खोलीत आल्या. "सर, माझ्याशी बोलायला तुम्ही मनाई केलीत?"

"तुमच्या दिरांनी तुम्हाला या कामाला लावलंय का?"

"दिरांना माझं शिकणंच पसंत नाही. या वयात बाईमाणसाला पदवी कशाला, म्हणतात." बाईंचा आवाज चढला नाही. "सर, निदान तुम्ही तरी एका प्रश्नाचं उत्तर द्या. या शाळेत तुमचा विश्वास कुणावर आहे?"

घरतांनी तोंड उघडलं. पाटील, बुधाजी, कारकून, सगळे डोळ्यांसमोरून गेले. एकही नाव ओठांवर येईना. त्यांना स्वतःचीच धास्ती वाटली. बाई निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी घरतांनी सगळ्यांना बोलावून मनाई मागे घेतली. "मोकळेपणाने बोला. मी कुणाला काही विचारणार नाही."

पण आता कोण बोलणार? "साहेबांना कळून घ्यायचंय, कोण काय बोलतं ते," असं पाटील कुणाला तरी सांगत होते. बाईंनी विचारलं की जो तो म्हणे, सगळं छान चाललंय. शेवटी बाई उरणच्या एका शाळेत जाऊ लागल्या, शनिवारची रजा टाकून. त्या दिवशीचे त्यांचे तास घरत स्वतः घेऊ लागले. बाईंच्या शिकवण्यातल्या चुका शोधायलाच ते वर्गावर जातात, अशी कुजबुज त्यांच्याही कानावर आली. त्यांनी तास सोडले नाहीत.

चार वर्षांनी बाईंना पदवी मिळाली. पेढे घेऊन त्या खोलीत आल्या तेव्हा घरत उठून उभे राहिले.

"आपली शाळा आहे का प्रबंधात?"

"नाही, सर. इथे कुणी बोललंच नाही."

"बरं झालं," असं ते हसत म्हणाले खरे. पण बाई गेल्यावर पेढा हातात तसाच राहिला. नाव घातलं नसेल, पण एखाद्या प्रकरणात 'अमुक एक मुख्याध्यापक' म्हणून आपणच असलो तर, हा विचार काही केल्या त्यांची पाठ सोडेना.