एफ रांगेचं स्थलांतर

बुधवारी दुपारी विनीला उकडलेला भोपळा भरवताना जॅसिंटाने डाव्या हाताने फोन उघडला आणि चमचा हवेतच राहिला. 'पेलिकन्स पर्थच्या वाटेवर? विश्वसनीय सूत्रांची माहिती.' पेलिकन्स हा तिच्या गावचा रग्बी क्लब, आणि पर्थ देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मथळ्याखाली क्लबच्या मैदानाचा, डॉसन ओव्हलच्या पूर्वेकडच्या टेकडीचा फोटो होता. हिरवंगार गवत, दोन सीगल, आणि माणूस औषधालाही नाही.

ती टेकडी रिकामी का असते हे बॅरो पॉइंटमधल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. दुपारचा सामना असला की मावळतीकडचं ऊन तिथे बसणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातं. म्हणून शहाणी माणसं पश्चिमेच्या जुन्या स्टँडमध्ये, पत्र्याच्या सावलीत, मांडीला मांडी लावून बसतात. आता टीव्हीवाल्यांनाही ऊन समोरून नकोच असतं. त्यांचा मोठा कॅमेरा त्याच पत्र्यावर, त्याच माणसांच्या बरोबर डोक्यावर बसवलेला असतो. खाली आठ हजार माणसं घसा फोडत असतात आणि कॅमेऱ्याला दिसते समोरची ओसाड टेकडी. घरी बसलेल्यांना वाटतं, अरेरे, या क्लबला आता कुत्रंसुद्धा विचारत नाही.

जॅसिंटाचा नवरा डीन विमानतळावर सामान चढवायचा. बातमी ऐकवली तेव्हा तो बूट काढत होता. दर वर्षी मार्चमध्ये यांना लिहायला काही नसतं तेव्हा हे आपल्याला पर्थला पाठवतात, असं म्हणून तो आंघोळीला गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण विनी झाल्यापासून जॅसिंटाला एक सवय लागली होती. विनीचा श्वास मोजायची, दुधाची उष्णता मनगटावर दोनदा बघायची, आणि जे सगळे हसण्यावारी नेतात ते एकटीने खरं धरून बसायची.

शिवाय तिचं जे जाणार होतं ते डीनचं जाणार नव्हतं. विनीच्या जन्माआधी सहा महिने जॅसिंटाची आई वारली. सासर टाउन्सव्हिलला, विमानाने तीन तासांवर. रविवारी डीनची पाळी असायची. घरच्या मैदानावर सामना असेल त्या रविवारी ती बाबागाडी ढकलत डॉसन ओव्हलला जायची, जुन्या स्टँडच्या एफ रांगेत बसायची, आणि पुढची ऐंशी मिनिटं विनी तिची नसायची. पोर नॅना मार्लीनच्या मांडीवरून बसचालक सिओनेच्या खांद्यावर, तिथून न्हावी फादीच्या कडेवर, मग पुढे पार बाराव्या खुर्चीपर्यंत जायची आणि डोक्यावर पास्तिझीचा, नॅनाच्या माल्टी पॅटिसांचा, चुरा घेऊन परत यायची. तेवढ्या वेळात जॅसिंटा गरम चहा गरम असतानाच प्यायची. बाळाची तपासणी करणाऱ्या नर्सने विचारलं होतं, मदतीला कोण आहे घरी? ती बोलून गेली होती, एफ रांग. नर्सने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं होतं.

या माणसांचे पत्ते तिला माहीत नव्हते. क्लब पर्थला गेला तर ही रांग कुठे भेटणार होती?

कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकलेली बाई ती. गप्प बसवेना. तिने शोध घेतला तर तोच सीगलवाला फोटो दोन वर्षांत तीन वर्तमानपत्रांनी छापलेला. फोटोतल्या घड्याळात अडीच वाजले होते, आणि सामना चारचा. तिने संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग तिने रांगेच्या ग्रुपवर लिहिलं, की रविवारचा सामना थेट दाखवणार आहेत, तर सगळ्यांनी एक दिवस टेकडीवर बसू या. भरलेल्या टेकडीचा रिकामा फोटो कोण काढणार?

फादीने लिहिलं, माझ्या टकलावर ऊन पडलं तर कॅमेरा आंधळा होईल. सिओनेने काळ्या चष्म्याचं चित्र टाकलं. नॅनाने काहीच लिहिलं नाही. आणि नॅना हलल्याशिवाय एफ रांग हलत नसे, एफ हलल्याशिवाय पुढची-मागची कुणी हलत नसे.

रविवारी जॅसिंटा तासभर आधी पोचली. नॅना मार्लीन तिच्या जागेवर होती. शहात्तर वर्षं वय, कंबरेत लोखंडी सांधा, मांडीवर पास्तिझीचा डबा. माल्टाहून आलेल्या बापाने तिला पाचव्या वर्षी इथे आणून बसवलं होतं, आणि लग्नाचा दिवस सोडला तर ती उठली नव्हती. रांगेतला लहानथोर प्रत्येक जण तिला नॅना, म्हणजे आजी, म्हणायचा.

जॅसिंटाने सगळं पुन्हा समजावून सांगितलं. फोटो, घड्याळ, पर्थ. नॅनाने ऐकून घेतलं, विनीला जवळ घेतलं आणि तिच्या टोपीची नाडी बांधली.

"पोरी, पेपरात आजवर आपण नऊ वेळा गाव सोडलंय. ॲडलेडला गेलो, न्यूझीलंडला गेलो, एकदा तर त्या शेजारच्या क्लबातल्या गाढवांबरोबर संसार थाटला. मी अजून एकही पिशवी भरलेली नाही."

"यावेळी वेगळं वाटतंय, नॅना."

"दर वेळी वेगळंच वाटतं. त्याचेच पैसे मिळतात त्यांना."

मग तिने ती जुनी गोष्ट सांगितली, जी रांगेत सगळ्यांना माहीत होती, पण तिच्या तोंडून क्वचित निघायची. पंचवीस वर्षांपूर्वी अशीच आवई उठली तेव्हा एक गोड बोलणारा माणूस माइक घेऊन तिच्यापाशी आला. ती रडली. ते रडणं त्यांनी पंधरा दिवस दाखवलं, खाली पियानो लावून. बॅरो पॉइंट मेलं आणि ही त्याची विधवा, असं. कामावर लोक तिला धीर देऊ लागले. क्लब कुठेच गेला नाही, पण ती चित्रफीत अजून दर वर्षी कुणीतरी काढतं.

"त्या दिवसापासून ठरवलं, कॅमेऱ्यासाठी रडायचं नाही, हसायचं नाही, आणि उठून दुसरीकडे बसायचं तर मुळीच नाही," नॅना म्हणाली. "ते आपल्याला पर्थला हलवायला निघालेत, आणि तू म्हणतेस आधी आपणच हलू. कॅमेऱ्याला चाकं आहेत. माझ्या कंबरेत खिळे आहेत. कुणी सरकायचं, तूच सांग."

रांग हसली. सिओने म्हणाला, नॅनाला पलीकडे न्यायचं तर महापालिकेची परवानगी लागेल, ती वारसा-यादीत आहे. जॅसिंटालाही एरवी हसू आलं असतं. पण तिचे कान तापले. तिला वाटलं, या लोकांना हे गमावण्याची भीती नाही, कारण यांच्याकडे दुसरंही काही आहे. तिने विनीला नॅनाच्या हातून घेतलं, जरा जोरातच, आणि म्हणाली की मग मी एकटी जाते.

कुणी अडवलं नाही. त्यांना वाटलं, गोलपोस्टच्या खांबापर्यंत जाऊन वळेल.

ती वळली नाही. खांबामागून वळसा घालून ती टेकडीवर चढली. वरच्या टोकाला उघडीबंब चार पोरं बियर पीत होती, बाकी गवत मोकळं. तिने बाबागाडीचं छप्पर पुढे ओढलं, त्यावर चादर टाकली, विनीला सावलीत निजवलं, तिच्या पायांना, कानांना, मानेला सनस्क्रीन फासलं आणि उरलेलं स्वतःच्या कपाळावर चोपडलं. छत्र्यांना बंदी होती. सामना सुरू झाला. पेलिकन्स निळे की समोरचे निळे हेही उन्हात कळेना. समोर स्टँडची नुसती काळी कड दिसत होती. त्या काळोखात आपली रांग आहे आणि तिथून मी त्यांना दिसत असेन, हे तिला आठवलं आणि आपण फार मूर्ख दिसत असू असंही वाटलं.

विसाव्या मिनिटाला घाम ओघळला आणि कपाळावरचं सनस्क्रीन दोन्ही डोळ्यांत उतरलं. अशी आग झाली की तिला उघडवेनात. हातही त्याच चिकट मलमाने भरलेले. ती बाबागाडीवर वाकली, खांद्याने डोळे पुसू लागली, आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

मैदानावर एकाएकी आवाज खाली आला. तिने कसाबसा एक डोळा उघडला. कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या पडद्यावर एक बाई ओसाड टेकडीवर बाळाच्या गाडीला धरून रडत होती. खाली अक्षरं होती: पेलिकन्सचा अखेरचा हंगाम?

जॅसिंटाने तोंड फिरवलं तर पडद्यावरच्या बाईनेही फिरवलं, आणि ते जास्तच दुःखी दिसलं. कुंपणापाशी खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस गुडघ्यावर बसून तिच्याकडेच रोखून होता. टेकडी रिकामी दिसू नये म्हणून ती आली होती, आणि तिनेच त्यांना इतकं रिकामं चित्र काढून दिलं होतं की सीगल परवडले असते.

समोरच्या काळ्या कडेत काहीतरी हललं.

आधी तिला ते उन्हाचं वाटलं. मग खांबांमागच्या वाटेवर एक काठी दिसली, काठीमागे नॅना मार्लीन. सिओनेच्या एका हातात नॅनाची उशी, दुसऱ्यात बर्फाची पेटी. त्याच्यामागे डबा सांभाळत फादी, मग बाकीची एफ, मग जी, मग ई, आणि मग कुठली रांग कुठली हे कळेनासं झालं. खेळ चालू होता, पण निम्म्याहून जास्त स्टँड पाठ फिरवून चालत होतं. फाटकावरच्या रक्षकाने म्हणे विचारलं की इकडून तिकडे जायचं तिकीट आहे का. नॅनाने त्याला सांगितलं की तुझ्या आजीबरोबर मी शाळेत होते, आणि पुढे निघाली.

चढावर तिला तीनदा थांबावं लागलं. पोचली तेव्हा श्वास लागला होता. तिने गळ्यातला निळा रुमाल काढला, त्यावर बर्फाचं पाणी घेतलं आणि जॅसिंटाचे डोळे पुसले, आईने शेंबूड पुसावा तसे, जरा दाबूनच.

"सनस्क्रीन?"

"हो."

"वाटलंच. तू एवढ्यातेवढ्याला रडत नाहीस. पण त्यांना ते काय कळणार."

जॅसिंटा म्हणू लागली की माझंच चुकलं, मी यायलाच नको होतं. नॅनाने तिला बोलू दिलं नाही. मी कॅमेऱ्यासाठी उठलेले नाही, एवढंच ती म्हणाली, आणि उशी मागितली. तिच्याभोवती टेकडी भरत चालली होती. लोक डोळ्यांवर हात धरून, एकमेकांच्या पाठीच्या सावलीत बसत होते, आणि उन्हाला, पर्थला आणि एकमेकांना शिव्या देत होते.

मध्यंतर होताच माइकवाला चढून आला. ट्रेंट त्याचं नाव, पांढरेशुभ्र दात, कपाळावर घामाचा थेंब नाही. मागे तोच कॅमेरा. थेट प्रक्षेपण आहे, फक्त अर्धा मिनिट, असं म्हणत त्याने गर्दीकडे दुर्लक्ष केलं आणि माइक जॅसिंटापुढे धरला. आवाज मऊ केला. क्लब जाणार म्हटल्यावर तुमच्यासारख्या तरुण आईला काय वाटतं, आत्ता आपण सगळ्यांनी पाहिलंच, तुम्हाला अश्रू आवरत नव्हते.

नॅनाची काठी गवतात रुतली.

"क्लब जाणार असं कोण म्हणालं?" जॅसिंटाने विचारलं.

"सूत्रांकडून कळतंय..."

"त्यांना नाव असेल."

ट्रेंट हसला. नाव सांगता येत नसतं, म्हणाला.

"मला येतं. मी जॅसिंटा डूली. ही विनी. या मार्लीन बुटिजीज, एकाहत्तर वर्षं इथे येतायत. डोळ्यांत सनस्क्रीन गेलं होतं. रडले नाही. हे सूत्रांच्या नावावर नको, माझ्या नावावर छापा."

फादीने मागून विचारलं, की कोणत्या कंपनीचं सनस्क्रीन तेही सांगू का, की ते गुप्त ठेवायचं. टेकडी खदखदून हसली. ट्रेंटने कानातली तार चाचपली आणि पुन्हा स्टुडिओकडे असं म्हणून टाकलं.

दुसऱ्या अर्ध्यात पेलिकन्सनी एकदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला. उन्हामुळे टेकडीवर ते कुणालाच दिसलं नाही, आणि एरवी ज्यांच्या ओरडण्यावरून कळलं असतं ते बहुतेक सगळे इथेच बसलेले. पाटीवर आकडा बदलला तेव्हा पाच हजार माणसं उशिरा ओरडली. सामना हरले ते वेगळंच.

सोमवारी फोटो छापून आला. भरलेली टेकडी, मधोमध नॅना. मथळा होता: 'निरोपाची गर्दी.' जॅसिंटाने तो ग्रुपवर टाकला. नॅनाने लिहिलं, रिकामी असली तर मेलो, भरली तर मयताला आलो. सगळ्यांनी पत्ते टाका.

पत्ते कशाला, असं कुणी विचारलं नाही. एकेक करून पडत गेले. सिओने तर जॅसिंटापासून दोनच गल्ल्यांवर राहत होता.

पुढचा सामना ब्रिस्बेनला होता. त्या रविवारी डीन कामावर गेला, आणि साडेतीनला घंटा वाजली. दारात नॅना, डबा, आणि मागे घडीच्या खुर्च्या बगलेत मारलेला सिओने. घर लहान आहे, बारा माणसं मावायची नाहीत, असं जॅसिंटा सांगेपर्यंत फादीने सोफा भिंतीला लावलाही होता. बसले ते आपापल्या क्रमाने. विनी पहिल्या मांडीवरून निघाली.

टीव्हीवर कोट घातलेली दोन माणसं नकाशावर पर्थ दाखवत होती. एक म्हणाला, आतल्या गोटातून असं कळतं की...

"याचा आवाज बंद कर गं," नॅना म्हणाली. "चेंडू दिसतोय तेवढा पुरे."

जॅसिंटाने आवाज बंद केला आणि चहा ठेवायला गेली.