अकराव्या कलमाखालची विहीर

मी एक जुना ओळंबा आहे. मुठीत मावणारा, खाली टोकदार असा पितळी गोळा. माथ्याला छिद्र आणि त्यात ओवलेली दोरी. गवंडी मला भिंतीच्या कडेने खाली सोडतो. मी स्थिर झालो की भिंत सरळ आहे की कललेली, ते कळते. मित्रांनो, मला बोलता येत नाही, पण खोटे लटकताही येत नाही.

वर्ध्याच्या एका कारागिराने मला ओतले. पवनारच्या तानबा मिस्तरींच्या वडिलांनी मला विकत घेतले आणि त्यांच्यामागे मी तानबांच्या हाती आलो. आमच्या भिंतींचे सेलूपर्यंत नाव होते. काम संपले की तानबा मला तेलाच्या फडक्याने पुसत. ते दिवस सुखाचे होते.

१९५७ च्या उन्हाळ्यात सेलूपलीकडच्या एका खेड्यात शाळेच्या चार खोल्या बांधायचा ठेका शाळा समितीने नत्थूजींना दिला आणि भिंतींचे काम तानबांकडे आले. नत्थूजी सज्जन, पण घाईचे. करारनाम्यावर त्यांनी भराभर सह्या केल्या आणि हमी म्हणून राहते घर तारण लिहून दिले. जागा गावातल्या बंडूजींनी दान दिली होती. दानपत्रात लिहिले होते, जमीन निर्दोष आहे.

तिसऱ्या आठवड्यात उत्तरेच्या कोपऱ्यात ते सुरू झाले. संध्याकाळी सरळ असलेली भिंत सकाळी बोटभर कललेली असे. तानबा थर उतरवत, पुन्हा रचत. सकाळी पुन्हा बोटभर. वारा नसे, झाडाचे पान हलत नसे, आणि मी मात्र दोरीच्या टोकाला थरथरत असे. विटांच्या गाडीचे बैल त्या कोपऱ्याशी आले की पाय रोवून उभे राहत. भर दुपारी कामावरच्या बाया जेवायला बसल्या की जमिनीखालून रहाट फिरल्यासारखा आवाज येई. सगळ्यांचे घास हातात थांबत.

शेवटी गारा, म्हणजे कालवलेली माती, वाहणाऱ्या देवकाबाई बोलल्या. त्या त्याच गावच्या. "मिस्तरी, येथी हीर होती. पटकीच्या साली जे लोक या हिरीचं पाणी पेले, ते गेले. माही मायबी गेली. मंग बंडूजीनं वरून फांद्या न् मुरूम टाकून बुजवली. गावात कोणी तिचं नाव घेत नाई."

कामावरच्या बाया म्हणाल्या, मेलेली माणसे पाणी काढतात. तानबांनी आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ते शांतपणे म्हणाले, "भूतबित काई नाई. खाली पोकळ हाये."

नत्थूजी आले, तेव्हा घामाघूम झाले होते. सावलीत बसून त्यांनी करारनामा उलगडला आणि पहिल्यांदाच अकरावे कलम नीट वाचले. जमिनीची तपासणी ठेकेदाराने स्वतः केली आहे. जमिनीतील दोषामुळे होणारे नुकसान आणि उशिराचा दंड ठेकेदाराकडून वसूल केला जाईल.

"मिस्तरी," ते हळूच म्हणाले, "सोमवारी समितीचे लोक पाहाले येऊन राह्यले. गिलावा मारून टाका. दिसणार नाई."

"माही नात याच गावची, याच भिंतीखाली बसन," तानबा म्हणाले. "तुमची भाची बी बसन."

मग तानबांनी कोपऱ्याशी पहारीने भोक पाडले आणि मला आत सोडले. दोरी नत्थूजींच्या हातात दिली.

मी उतरत गेलो. वरचा उजेड नाण्याएवढा झाला. थंडगार, कुजकट वास आला. दगडी कडे दिसले, त्यात तिरपा अडकलेला लाकडी रहाट दिसला. तो फिरत नव्हता. तरी आवाज येत होता, माझ्याही खालून. इतक्यात कोणीतरी मला धरल्यासारखे झाले आणि दोरीला दोन हलके हिसके बसले. मी पितळेचा, मला भीती ठाऊक नव्हती. त्या दिवशी ठाऊक झाली.

ते हिसके वर नत्थूजींच्या हातालाही जाणवले होते; त्यांनी मला भराभर वर ओढले. करारनाम्याची त्यांनी घडी घातली. मग म्हणाले, "बायांले घरी पाठवा. काम बंद."

त्याच दिवशी त्यांनी समितीला खरे काय ते लिहून कळवले. सोमवारी समितीची माणसे समोर उभी असताना तो कोपरा न पडता, न तुटता, उभाच्या उभा जमिनीत उतरला. आवाज झाला नाही. आत कोणी नव्हते.

समितीने कलमाप्रमाणे दंड लावला आणि वर्षाच्या आत नत्थूजींच्या घराचा लिलाव झाला. ते कोर्टात गेले. तानबा मला थैलीत घालून प्रत्येक तारखेला हजर राहत. बंडूजींनी शपथेवर सांगितले, "त्या जागी विहीर नव्हतीच."

देवकाबाईंना विचारले, पुरावा काय? त्यांनी पदर सावरला आणि त्या पाण्याने गेलेल्या नऊ जणांची नावे एकेक करून घेतली. शेवटचे नाव बंडूजींच्या धाकट्या भावाचे होते. बंडूजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

कोर्टाने पाहणीचा हुकूम केला. खोली मोजायला तानबांनी मला पुन्हा सोडले. यावेळी हिसका बसला नाही. दोरी वर गेली, मी गेलो नाही. वर माणसे दोरीचे टोक निरखत होती. ते कापल्यासारखे नीट होते, असे कोणी म्हणाले.

निकाल नत्थूजींच्या बाजूने लागला. दंड माफ झाला, नुकसान बंडूजींवर बसले. पण लिलावात गेलेले घर परत आले नाही. नत्थूजी भाड्याच्या खोलीत राहून लहान कामे घेऊ लागले. विहीर तळापासून दगडांनी नीट भरली गेली, आणि शाळा चाळीस पावले दूर उभी राहिली.

मित्रांनो, मी अजून इथेच, त्या दगडांखाली आहे. मधल्या सुट्टीत तुमच्या पायांची धपधप मला ऐकू येते. उद्या तुमच्यापैकी कोणी घरे बांधेल, कोणी कागद लिहील, कोणी त्यावर सही करील. सही करण्याआधी शेवटच्या कलमापर्यंत वाचा. आणि कुदळ मारण्याआधी गावातल्या एखाद्या देवकाबाईंना विचारा, इथे पूर्वी काय होते. त्या सांगतील. आम्हाला खालून सांगावे लागू नये.