तळकप्प्यातली बाटली

मिन काका आले तेव्हा आई किमचीच्या फ्रिजचा तळकप्पा पुसत होती. आमच्या घरात हा फ्रिज मोठ्या फ्रिजपेक्षा मानाचा. वर तिखटात मुरवलेल्या कोबीची किमची, मध्ये आईने घातलेला हिरव्या आलुबुखारांचा पाक, आणि अगदी खाली बाबांचा कप्पा.

बाबांनी सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट धरली, तेव्हापासून त्यात भरायचा रस ते घरीच करत. मिन काका त्यांचे कारखान्यातले जोडीदार. थंडीच्या तोंडावर सोसायटीतल्या बायका वर्षाची किमची घालायला बसल्या की हे दोघे बाल्कनीत वजनकाटा आणि पिचकाऱ्या मांडून वर्षाचा रस घालायला बसत. त्यालाही ते किमची घालणंच म्हणत. मग बाटल्या काळोखात मुरायला ठेवायच्या, अधूनमधून हलवायच्या, झाकण उघडून वास घ्यायचा.

"अजून कच्चा आहे," बाबा म्हणायचे.

"करणाराही कच्चाच आहे," आई म्हणायची.

आदल्या दिवशी देवळात, बाबा गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला होता. आलेल्या प्रत्येकाच्या हातात आईने पाकाची एकेक बाटली दिली होती. आता ती घर आवरत होती आणि मी तिच्यामागे नुसतीच उभी होते.

"वहिनी, रस ठेवा नाहीतर फेका, तुमची मर्जी," मिन काका बूट काढत म्हणाले. "पण ते न मिसळलेलं माझ्याकडे द्या. ते घरात नको."

"न मिसळलेलं काय?"

"निकोटीन. रसात थेंब थेंब घालतात ते. लाल पट्टीची बाटली."

आईचा हात फडक्यावर थांबला.

"लाल पट्टीची तर मी दिली."

"कुणाला?"

"वन्संना."

मिन काका एक बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला एकदम कळलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते प्लास्टिकमध्ये टिकत नाही, काच लागते. बाटली काठोकाठ भरावी लागते, नाहीतर वारा लागून खराब होतं. बाबांच्या हाताशी काच होती ती आईच्या पाकाच्या बाटल्यांची. जुनं झालं की ते पिवळं पडतं, पाकासारखंच दिसतं. त्याला सांगण्यासारखा वासही नसतो.

"पोटात गेलं तर?" मी विचारलं.

"चमचाभर पुरे."

"कशाला पुरे?"

त्यांनी हातातला बूट खाली ठेवला.

आई जमिनीवर बसली. "ते म्हणाले होते, लाल पट्टीला कुणी हात लावायचा नाही. मला वाटलं, सगळ्यात जुना पाक आहे, कुणासाठी तरी राखून ठेवलाय. म्हणून तर वन्संना दिला. त्यांच्याइतकं जवळचं त्यांना कोण होतं?"

"पण पट्टी बघून आत्या विचारेल ना?"

"पट्टी मी काढली, सोरान. माणूस गेलेल्या घरातून लाल, सणासारखी पट्टी चिकटवलेली वस्तू कशी द्यायची कुणाला? गरम पाण्यात ठेवून गोंदसुद्धा घासून काढला."

बाबा बोलण्याच्या बाबतीत कंजूष होते. लाल पट्टी लावली म्हणजे सगळं सांगून झालं, असं त्यांना वाटलं असणार. ते असते तर ती बाटली त्या कप्प्यातून हललीच नसती. मी आत्याला फोन लावला.

आत्याचा फोन वाजत राहिला. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण यांग मल-रे, नदीपलीकडच्या गावात एकटी राहते. फोन घरात ठेवून दिवसभर गावच्या समाजघरात बसते.

"जेवण झालं की त्यांचं पोट फुगतं," आई हळूच म्हणाली. "मग पाण्यात पाक घालून घेतात. रोज घेतात गं."

भिंतीवरच्या घड्याळात जेवणाचीच वेळ होत आली होती.

मिन काकांनी एका फोनवरून रुग्णवाहिका बोलावली, दुसऱ्यावरून गावच्या सरपंचाचा नंबर शोधायला लागले, आणि तेवढ्यातच बाबांचे हातमोजे माझ्या हातात कोंबले. "बाटलीला नुसत्या हाताने शिवू नकोस. कातडीतूनही जातं ते. मी वहिनींजवळ थांबतो. तू नीघ."

त्या रस्त्यातलं मला फार थोडं आठवतं. नदी डाव्या हाताला होती. ट्रॅक्टरच्या मागे अडकले तेव्हा मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आत्याला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. मनात एकच चित्र यायचं: आत्या उभ्या उभ्या पेला संपवते आणि तोंड पुसते. ती सगळं उभ्यानेच पिते, गडबडीत, जणू कुणी हिसकावून घेणार आहे.

गावात शिरले तर खांबावरचा भोंगा ओरडत होता. सरपंचाचा घसा बसला होता. "यांग मल-रे बाई! यांग मल-रे बाई! भावाच्या घरून आलेल्या बाटलीतलं काही पिऊ नका! पुन्हा सांगतो..." गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तो नक्की कुणाला सांगत होता?

समाजघराच्या दाराशी म्हाताऱ्या पायांच्या चपला एका ओळीत मांडलेल्या होत्या. मी दार सरकवलं.

सगळ्या बायका जमिनीवर पडल्या होत्या. कुणी कुशीवर, कुणी उताणी, एकीचं तोंड उघडं. थंडीसाठी खालून तापवलेली जमीन गरम होती, टीव्ही मोठ्याने चालू होता, आणि कुणीही हलत नव्हतं. मधल्या बुटक्या टेबलावर रिकामे पेले होते.

मी गुडघ्यांवर आले आणि सगळ्यात जवळच्या बाईच्या नाकाशी हात नेला.

"ती जिवंत आहे. घोरत नाहीये एवढंच नशीब समज," मागून आवाज आला. आत्या स्वयंपाकघराच्या दारात लसणीची टोपली घेऊन उभी होती. "काय गं? तोंड का असं पांढरंफटक पडलंय?"

"आत्या, बाटली कुठाय? आईने काल दिलेली?"

"तिचं नाव काढू नकोस! भाऊ जातो न जातो तोच नणंद परकी झाली. पाकाच्या नावाखाली मला पाणी देते? झाकण उघडलं, तर आलुबुखाराचा वाससुद्धा नाही! जिभेचं टोक लावलं तर मिरचीसारखं झोंबलं. थुंकून टाकलं मी."

"प्यायली नाहीस ना? नक्की?"

"असलं पाणी मी पिऊ?"

मी भिंतीला टेकले. "मग ओतून टाकलीस ना?"

"ओतून कशी टाकीन? भावाच्या घरून आलेली वस्तू," आत्या म्हणाली. "तिखट झोंबतं म्हणून हातमोजे घालून मांसाला चोळली. संध्याकाळी सगळ्या मिळून भाजून खाणार आहोत. लसूण, सोया, तिखट यांच्यात काय कळतंय?"

मांसाची परात स्वयंपाकघरात झाकून ठेवलेली होती. शेजारी रिकामी बाटली. मी हातमोजे चढवले.

"ते विष आहे, आत्या. बाबांच्या व्हेपसाठीचं. आईला ठाऊक नव्हतं."

आत्याच्या हातातली टोपली कलंडली. लसणीच्या पाकळ्या घरंगळत माझ्या पायांशी आल्या. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या इथल्या कुम-ओकने एक तुकडा भाजून बघितला. मीठ बरोबर आहे का म्हणून."

"केव्हा?"

"आत्ताच. जेवल्यावर."

"कुठे आहे ती?"

आत्याने बोट दाखवलं. भिंतीकडे तोंड करून पडलेली, जांभळा स्वेटर घातलेली लहानशी बाई. बाकीच्या झोपल्या होत्या. ही झोपलेली नव्हती, हे जवळ गेल्यावर कळलं. तिचं कपाळ घामाने निथळत होतं आणि हात गार होते. पायाशी पातेलं होतं, त्यात तिने उलटी केली होती. कुणाला हाकसुद्धा न मारता.

"कुम-ओक! अगं ए कुम-ओक!" आत्या तिला गदागदा हलवू लागली. "मीठ बघायला तुला कुणी सांगितलं होतं गं! सगळ्यात आधी तोंड घालायची खोड तुझी!"

"मीठ... कमी आहे," कुम-ओक मावशी पुटपुटली, आणि तिला पुन्हा उमळून आलं.

मी तिला कुशीवर धरलं. तिचं हृदय स्वेटरवरूनसुद्धा माझ्या तळव्याला लागत होतं, फार जलद, मध्येच चुकत. बाकीच्या बायका एकेक उठून बसत होत्या. "काय झालं?" "अपचन." "सुई आणा, अंगठ्याला टोचून रक्त काढा, पोट मोकळं होईल." "पाक पाजा तिला, पाण्यातून."

"कुणी काही पाजायचं नाही!" मी ओरडले. मी इतक्या मोठ्याने ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. बाबांच्या विधीतही मी आवाज केला नव्हता.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आडवी बसली, दोन्ही हात चौकटीला लावून. "आत कुणी पाऊल टाकायचं नाही," ती म्हणाली. "परातीजवळ जाईल तिचे पाय मोडीन."

रुग्णवाहिका आली तेव्हा भोंगा अजूनही आत्याला बाटलीतलं पिऊ नका असं सांगत होता. गाडीतल्या माणसांनी मला काय, किती, केव्हा असे प्रश्न विचारले. त्यांनी परात आणि बाटली पिशव्यांत बांधून उचलली. उलटी झाली हे चांगलं झालं, असं एकजण म्हणाला. पुढचं इस्पितळात गेल्यावर कळेल. आत्या चपला न घालताच गाडीपर्यंत आली, पण आत एकालाच जागा होती. ती मी घेतली.

दार लागलं. कुम-ओक मावशीने माझा हात पकडला होता आणि मी कोण हे बहुधा तिला माहीत नव्हतं. मी तिच्याशी बोलत राहिले, कारण तिला झोपू देऊ नका असं मला सांगितलं होतं. तिला किती मुलं, भात कुणाकडे लावायला दिलाय, असलं काहीबाही. ती एकेका शब्दाने उत्तर द्यायची. उत्तरांमधलं अंतर वाढलं की मला काही सुचायचं नाही, आणि ती पुन्हा बोलली की मी पुढचा प्रश्न शोधायला लागायचे.

आईचा फोन आला. मी दुसऱ्या हाताने उचलला.

"वन्सं?" एवढंच ती म्हणाली.

"आत्या बरी आहे, आई. ती प्यायलीच नाही."

मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "मग हा सायरन कसला वाजतोय, सोरान?"

कुम-ओक मावशीची बोटं माझ्या बोटांत होती. त्या बोटांनी थोडं दाबलं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"सांगते," मी म्हणाले. "मिन काका आहेत ना जवळ? आधी तू बस."