फन्ना आत्या मेली तो दिवस

कैरोच्या मालिकांमध्ये नबराने आजवर एकोणीस मोलकरणी केल्या होत्या. मालकिणी एकोणीस, घरं एकोणीस, चहाचा ट्रे मात्र तोच. "नबरा, ट्रे सरळ धर. पुन्हा एकदा." बारा वर्षांत दिग्दर्शकांनी तिला शिकवलं ते एवढंच. नुबियाच्या काळ्या पोरीच्या हातात चहाशिवाय दुसरं काही शोभेल असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही, मेल्यांना. शेवटी तिने त्याच हातात कॅमेरा घेतला आणि अस्वानच्या पलीकडे, नाईलच्या पश्चिम काठावर, आपल्या गावी सिनेमा करायला आली.

गोष्ट साधी होती. गावचा दवाखाना चार वर्षं कुलपात, आणि अमीना नावाची एक आजारी बाई होडीची वाट बघता बघता जाते. नबराला ती मनातून रचावी लागली नाही. फन्ना आत्याची मुलगी झैनब दोन वर्षांपूर्वी होडीतच बाळंत झाली होती आणि होडी काठाला लागेपर्यंत बाळ राहिलं नव्हतं. आता झैनबला पुन्हा आठवा लागला होता. पैलतीरावरच्या आरोग्य कचेरीत नबराने सात महिने खेटे घातले, पण तिथले शाझलीसाहेब ताकास तूर लागू देईनात. कधी किल्ली हरवलेली, कधी नर्स मिळत नाही, कधी साहेबच जागेवर नाहीत. सिनेमा झाला, चार लोकांत बोभाटा झाला, तर कुलूप निघेल. पण ते झैनबचे दिवस भरायच्या आत निघायला हवं होतं, म्हणून नबराचा जीव टांगणीला लागला होता.

राहिला होता शेवटचा प्रसंग, रडण्याचा. आणि गावातल्या बायका अडून बसल्या.

"खोटं रडायचं? मरण घरात बोलावशील तू, नबरा."

"आणि ही अमीना कोण? आमच्या ओळखीची ना पाळखीची. तिच्या नावाने हंबरडा फुटणार कसा?"

अमीनाचं काम करणारी फन्ना आत्या खाटेवर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "माझ्या नावाने रडा. कधीतरी मरायचंच आहे, कोण काय बोलतं ते ऐकून तरी ठेवते." आणि ती सरळ आडवी झाली, पांढरी चादर स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली.

नबरा बायकांना हळूच म्हणाली, "खोटं नका रडू. नाव आत्याचं घ्या, पण आपापलं माणूस आठवा."

मग जो आक्रोश उठला तो काही नाटकातला नव्हता. कुणी नवऱ्यासाठी रडली, कुणी आईसाठी. झैनब कशासाठी रडली ते सगळ्यांनाच कळत होतं. कॅमेऱ्यामागे नबराला समोरचं दिसेना, इतके डोळे भरून आले. आणि "फन्ना गेली गं" हा टाहो सकाळच्या शांत पाण्यावरून थेट पैलतीराला जाऊन पोचला.

अर्ध्या तासात पहिली होडी लागली. या मुलखात माणूस एकवेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा येईल, पण दुखवट्याला यायचं चुकवणार नाही. पांढऱ्या झब्ब्यातली म्हातारी माणसं साखर आणि चहाच्या पुड्या घेऊन उतरली. नबरा धावत गेली.

"अहो काका, कुणी गेलं नाही. सिनेमा आहे हा."

"पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. "रड बाळ, मोकळी हो."

दुपारपर्यंत अकरा होड्या लागल्या. सगळं अंगण माणसांनी भरलं. आल्या माणसाला चहा द्यायला हवा, म्हणून एकोणीस मोलकरणींची नबरा विसाव्यांदा ट्रे घेऊन फिरू लागली. तिचं तिलाच हसू येत होतं. आणि बाराव्या होडीतून शाझलीसाहेब उतरले.

नबराला एकदम आठवलं. शाझली तान्हा असताना त्याची आई आजारी होती आणि आत्याने त्याला वर्षभर आपलं दूध पाजलं होतं. म्हणजे तिथल्या रिवाजाने तो आत्याचा मुलगाच, परक्या पुरुषांसारखं त्याला आत जायला कुणी अडवणार नव्हतं. तिने ट्रे कुणाच्या तरी हातात कोंबला आणि मागच्या दाराने आत पळाली. आत्या उठून खजूर खात बसली होती.

"आत्या, मर. लवकर."

"पुन्हा?"

"शाझली येतोय."

आत्याने बी थुंकली आणि मेली. नबराने कोपऱ्यातला कॅमेरा चालू केला.

शाझली आला तो खाटेपाशी गुडघ्यांवरच कोसळला. "आई, मी नालायक," तो हुंदके देत म्हणाला. "दवाखाना उघडा असता तर तू वाचली असतीस. किल्ली हरवली नाही गं, माझ्याच खणात आहे. नर्ससाठी वरच्या साहेबांशी भांडावं लागलं असतं. खुर्ची जाईल म्हणून मी घाबरलो."

आत्याने एक डोळा उघडला. "कुठल्या खणात?"

शाझलीची पाचावर धारण बसली. तो भिंतीला जाऊन टेकला. मग त्याला कॅमेरा दिसला आणि त्याचा चेहरा आणखीनच पडला.

"नबरा, हे... हे दाखवणार तू?"

"मला काय विचारता? झैनबला विचारा."

झैनब दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. "तू रडलास ते खरं होतं, दादा," ती म्हणाली. "ते नाही दाखवणार. किल्ली आण."

शाझलीने त्याच होडीने जाऊन किल्ली आणली. नर्ससाठी तो वरच्या साहेबांशी खरोखर भांडला, तीन आठवडे भांडला, आणि एक बुटकी, तोंडाळ नर्स घेऊनच आला. झैनबला मुलगी झाली ती त्याच दवाखान्यात, होडीत पाऊल न टाकता.

सातव्या दिवशी बारशाला पुन्हा तीच माणसं होड्या भरभरून आली. आत्याने शाझलीला शिक्षा फर्मावली होती: खोट्या दुखवट्याला आलास, आता खऱ्या आनंदाला चहा तू द्यायचास. नबराच्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग आता हाच होता. आरोग्य खात्याचे साहेब वीस पेले सांभाळत, घामाघूम होऊन अंगण ओलांडू लागले. बाळ आत्याच्या मांडीवर भोकाड पसरून रडत होतं आणि त्याला कुणीही गप्प करत नव्हतं.

नबराने कॅमेऱ्याला डोळा लावला.

"ट्रे सरळ धरा, साहेब," ती म्हणाली. "पुन्हा एकदा."